माशी बसू नये म्हणून

सगुणाने ससा उचलला तेव्हा तिची दोन बोटं त्याच्या शेपटीखालच्या ओल्या केसांत गेली. ओल होती यात नवल नव्हतं. सकाळी कामावर जाताना तिनेच त्याला तिथे मिठाच्या पाण्याने धुतलं होतं. पण बोटांखाली काहीतरी हललं. आधी तिला वाटलं, सशाचं कातडंच हललं असेल, कारण या प्राण्याचं कुठलं ना कुठलं अंग कायम हलतच असतं, नाक तर झोपेतसुद्धा. मग तिने केस बाजूला सारले. शितं चिकटावीत तसे बारीक पांढरे किडे होते, आणि ते वरवर नव्हते, आत शिरत होते. पलंगावरून दामाजी तिच्याकडे बघत होता. दीड वर्षापूर्वी त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून त्याचं बघणं मात्र वाढलं होतं. घरात चमचा पडला तरी डोळे तिकडे वळत. "काय नाय," ती म्हणाली, "ओला झालाय जरासा, पुसून आनते." आणि ससा छातीशी धरून मोरीत गेली, दार लोटून घेतलं, आणि पालथ्या बादलीवर बसून राहिली.

किळस म्हणावी तर ती तिची केव्हाच मेली होती. सतरा वर्षं नौपाड्यातल्या एका बालवाडीत आया म्हणून काम केल्यावर माणसाला कसली किळस येणार? दुसऱ्यांच्या पोरांच्या चड्ड्या, ओकाऱ्या, शेंबूड, उवा, सगळं तिने हसत काढलं होतं. आणि घरी तर दीड वर्ष नवऱ्याचं सगळंच बिछान्यात. तेव्हा तिच्या पाठीतून जे सरकत गेलं ती किळस नव्हती, ती भीती होती, आणि ती भीती सशाची नव्हती. ससा मेला तर हात थांबेल. मोरीत बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एवढं एकच वाक्य होतं, आणि ते पुढे सरकतच नव्हतं.

हात म्हणजे दामाजीचा डावा हात. त्याला काही झालं नव्हतं. दवाखान्यातून घरी पाठवताना व्यायाम शिकवायला आलेल्या मुलाने तिला बजावून सांगितलं होतं, मावशी, हा हात चांगला आहे, याच्याकडून काम करून घ्या, हा पडून राहिला तर माणूसही पडून राहील. पण दामाजीच्या मनातूनच ते उतरलं होतं. हातात वाटी द्यावी तर वाटी सांडायची. चेंडू दिला, तो घरंगळत पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. सासूने जाळ्याचा तुकडा आणून दिला, की बोटांना सवय आहे, चाळवतील. जाळं छातीवर तसंच पडून राहिलं आणि दामाजी आढ्याकडे बघत राहिला. खाडीत उभ्या जन्माचं काम केलेला हात, आणि तो चादरीवर असा पडलेला, की सगुणाला त्याची नखं कापतानासुद्धा कुणा परक्याचा हात धरल्यासारखं व्हायचं. तिने त्याला दटावलं, आर्जवं केली, एकदा तर रागाने तो हात धरून गदगदा हलवला आणि मग स्वतःच रडली. त्याने "बा" म्हटलं. सगळ्याला तो "बा"च म्हणायचा.

मग मे महिन्याची सुट्टी आली. बालवाडीत मुलांसाठी पिंजऱ्यात सशांची जोडी होती. त्यातला एक उन्हाळा लागता लागता गेला, आणि राहिलेल्याला सुट्टीत पाणी कोण दाखवणार म्हणून मोठ्या बाईंनी, मंजुळाताईंनी, तो सगुणाच्या गळ्यात बांधला. गळ्यात बांधला हाच शब्द तिने घरी येऊन वापरला. कोपरीतल्या त्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा नव्हती. सासू मनुबाई तर बघतच राहिली. "खावाचा हाय का नुसता बघाचा?" तिने विचारलं. जमीन पुसली होती, ओली होती, म्हणून सगुणाने ससा घटकाभर दामाजीच्या पलंगावर ठेवला आणि ती पोतेरं पिळायला गेली. परत आली तेव्हा हात सशाच्या पाठीवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, फिरत होता. कानांपासून खाली, परत वर, पुन्हा खाली. दामाजीचे डोळे मिटलेले होते. सगुणा दारातच उभी राहिली, हातातलं पोतेरं तिच्या पायांवर ठिबकत राहिलं, आणि मनुबाई मागून म्हणाली, "सरक की गो वाटेतून," आणि मग तिनेही बघितलं आणि तीही वाटेतच उभी राहिली.

त्या एका महिन्यात हाताने पेला धरला. हाताने डास मारला. एकदा तिच्या डोक्यावरचा पदर सरकला होता तो नीट केला, हे तिने सासूलाही सांगितलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि तिने मंजुळाताईंना सांगितलं, ससा मेला. मागितला असता तर त्यांनी दिलाही असता कदाचित, बाई वाईट नव्हत्या. पण नाही म्हणाल्या असत्या तर मग काय, या एका विचाराने तिची जीभ आधीच वळून बसली होती. मंजुळाताई म्हणाल्या, "अगं बाई. मुलांना तू काही सांगू नकोस हं, मी सांगते." त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि ससा देवबाप्पाकडे गेला असं सांगितलं, आणि पोरांनी डोळे मिटून हात जोडले. सगुणा मागे उभी राहून केर काढत होती. जित्याजागत्याला आपण मेला म्हटलं, ते तिला लागलं होतं, पण घरी जाऊन हात बघितला की ते लागणं जायचं.

आता मोरीत, मांडीवर ससा घेऊन, ते सगळं परत लागलं. आणि त्याहून जास्त लागले हे शेवटचे चार दिवस. शुक्रवारी सशाला ढाळ लागली. मनुबाईने बाजारातून उरलेली मेथीची ओली जुडी त्याच्यापुढे टाकली होती, पोटभर खाईना का बिचारा म्हणून. मागची बाजू घाण झाली, ते चाटता ओरबाडता तिथे जखम झाली, रुपयाच्या नाण्याएवढी. सगुणाने सासूला दाखवली. मनुबाई दारात जवळा पसरत होती. साठ वर्षं मासळीत गेलेली बाई, माशीविषयी तिला कुणी काय सांगावं? "मीठ लाव गो सगुने," ती वर न बघताच म्हणाली. "मिठावर माशी बसाची नाय." कोळीवाड्यात हे लहान पोरही सांगेल. सगुणाला ते इतकं पटलं की तिने दिवसातून तीनदा, चारदा, मिठाचं कोमट पाणी करून सशाला धुतलं. दामाजीच्या पाठीवर बिछान्याने पडलेला चट्टाही ती तसाच धुवायची. धुतला आणि पलंगावर ठेवला, की हाताचं काम सुरू.

पण मीठ लावलेली मासळी आपण काय करतो? उन्हात टाकतो. कडक ऊन देतो, उलटीपालटी करतो, खडखडीत झाली की मग डब्यात भरतो. आणि भाद्रपदात आभाळ भरून आलं, दोन दिवस ऊन पडलं नाही, तर तीच मीठ लावलेली मासळी आतून किड्यांनी वळवळायला लागते, मग ती टोपल्याच्या टोपल्या खाडीत ओतावी लागते. मनुबाईने अशा किती टोपल्या ओतल्या असतील, सगुणाने स्वतः डोक्यावरून नेऊन ओतल्या होत्या. माहीत नव्हतं असं नाही. पण ते मासळीचं. ससा काही मासळी नव्हे, म्हणून त्या ज्ञानातलं निम्मंच दोघींना आठवलं, आणि चार दिवस आभाळ भरलेलं होतं, आणि ते जनावर मागून ओलंगच्च, दारात जवळा, घरात माश्या. कोळीवाड्यात माश्या कोण मोजतं?

आणि डॉक्टर होती. तेही माहीत होतं. बालवाडीच्याच गल्लीत, चार दारं सोडून, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या; सगुणा सतरा वर्षं त्या दारावरून जात होती. शनिवारी ती तिथे थबकली होती. पण ससा घेऊन यायचं म्हणजे शाळेच्या खिडकीखालून यायचं. मंजुळाताईंनी बघितलं तर? नोकरी गेली नसती, पण तोंड गेलं असतं. आज बघू, उद्या बघू. उद्या जखम सुकेलच. असं म्हणत ती शनिवारी गेली, आज सोमवारीही त्याच दारावरून गेली, पाय न थांबवता.

मोरीचं दार ढकलून मनुबाई आत आली. तिने एकदाच बघितलं आणि खाली बसली. तिचा चेहरा पडला तो सशापायी की स्वतःच्या सांगण्यापायी, कोण जाणे. "टरपेन ओतूया," ती म्हणाली. "नामाचे म्हशीचे खुराला ओतलेलं. सगले कीरे भाईर पडले." बाटली होती घरात, रंगाच्या डब्यामागे. सगुणाने ती हातात घेतली, बूचही काढलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ससा धडपडत नाही. एरवी पाय धरले तर रक्त काढणारा ससा गाठोड्यासारखा मांडीवर होता आणि त्याचे कान गार होते. तिने बूच लावलं. "ही म्हैस नाय, आय," ती म्हणाली.

निघण्याआधी तिने एक गोष्ट केली. दामाजीला कुशीवर वळवलं, सदरा वर केला आणि पाठीवरचं फडकं काढून खिडकीच्या उजेडात चट्टा बघितला. वाकून, कडेकडेने, बोटाने ताणून बघितला. लाल होता, ओला होता, पण त्यात काही हलत नव्हतं. तिने तो आपल्या पदराने टिपून टिपून कोरडा केला. एवढं टिपणं रोजचं नव्हतं, ते त्याला पाठीवर कळलं असणार, कारण त्याने "बा" म्हटलं, प्रश्न विचारल्यासारखं. "डॉक्टरला दावून आनते त्याला," ती म्हणाली. "लगेच येते." डावा हात चादरीवर उघडा पडला होता आणि बोटं जागा चाचपत होती.

बाजाराच्या पिशवीत टॉवेल घालून त्यात तिने ससा ठेवला आणि रिक्षा केली. पुलावरून नौपाड्यात येईपर्यंत ती पिशवीच्या तोंडावर पंजा पसरून बसली होती, आत एकही माशी जाऊ नये म्हणून. आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, हे कळत असूनही पंजा तिला उचलवेना. गल्लीच्या तोंडाशी ती उतरली आणि समोरून मंजुळाताई आल्या, छत्री काखेत, घरी निघालेल्या. देव असा नेमका.

"काय गं सगुणा, आत्ता परत? पिशवीत काय आहे?"

"ससा," सगुणा म्हणाली.

"कुठला ससा?"

"आपलाच. शाळेतला."

मंजुळाताईंनी वाकून पिशवीत बघितलं. चार दिवस जिला ती घाबरली होती ती घटका ही अशी होती, आणि तिला काहीच वाटत नव्हतं. "अगं, पण मग मी मुलांना काय सांगितलं?" मंजुळाताई म्हणाल्या. त्या रागावल्याही नव्हत्या, खरोखरच गोंधळल्या होत्या. "हो बाई," सगुणा म्हणाली आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली. एवढ्यासाठी आपण दोन दिवस घालवले, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

उत्तराबाई डॉक्टर तिशीच्या होत्या, शांत, पुण्याकडचं बोलणं. त्यांनी सशाला टेबलावर घेतलं आणि दिवा खाली ओढला. कात्रीने मागचे केस कापत गेल्या, पाणी लावलं नाही. मग चिमट्याने एकेक किडा उचलून बशीत टाकू लागल्या. सगुणाने सशाचं डोकं धरलं होतं. बशीकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि सगळा वेळ बशीकडेच बघत राहिली.

"कशाने धुवत होता?"

"मिठाच्या पाण्यानं."

"मीठ वाईट नाही. नंतर कोरडं करत होता का?"

सगुणाने सशाच्या कानांवरून अंगठा फिरवला.

"माशीला ओल लागते, बाई. ओल आणि वास. ती अंडी घालून उडून जाते आणि एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. परवा आणला असता तर," उत्तराबाई म्हणाल्या आणि वाक्य सोडून देऊन पुढचा किडा उचलला. ते अर्धंच राहिलेलं वाक्य सगुणाच्या मनात पुढे कितीतरी वेळ पुरं होत राहिलं. बऱ्याच वेळाने चिमटा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खोल गेलंय. याला खूप दुखत असणार, ससे ओरडत नाहीत म्हणून कळत नाही. मी एक इंजेक्शन देऊन त्याला शांत झोपवू शकते. कायमचं. तेच बरं, असं माझं मत."

"आणि नाय झोपवलं तर?"

"तर दुखणं कमी करायचं देते, सलाइनचं पाणी टोचते, पट्टी बांधते. ऊब ठेवा. संध्याकाळ काढली तर बघू. पण वचन देत नाही."

सगुणाने सशाच्या नाकाकडे बघितलं. ते हलत होतं, हळू, पण हलत होतं. मुक्या जिवाच्या बाजूने विचार केला तर उत्तर एकच होतं आणि ते तिला माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की आपण ते देणार नाही. कुणा एकाने दुखणं सोसावं म्हणजे दुसऱ्याचा हात चालेल, असला हिशेब करणारी बाई आपण आहोत, हे तिला त्या पांढऱ्या दिव्याखाली स्वच्छ दिसलं आणि तिला फार लाज वाटली. "पट्टी बांधा," ती म्हणाली. उत्तराबाईंनी बांधली. मग पुढचं सगळं सांगितलं: सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघायचं, घाण लागली तर पुसून खडखडीत कोरडं करायचं, ओला पाला नाही, गवत सुकं, बसायची जागा कोरडी, वर मच्छरदाणीचा तुकडा. सगुणा एकेक गोष्ट मागून म्हणत गेली, परीक्षेला बसल्यासारखी. पुढची दहा वर्षं हा ससा सांभाळायचा आहे अशा सुरात तिने ते सगळं पाठ केलं, आणि डॉक्टरीणबाईंनीही तिला थांबवलं नाही.

घरी आली तेव्हा तीन वाजत होते. ससा खोक्यात ठेवायचा, हात लावायचा नाही, असं ठरवूनच ती आली होती. पण दामाजीने पिशवी बघितली आणि "बा, बा," करत डावा हात उचलला, खांद्यापासून उचलला, एवढा तो गेल्या दीड वर्षात वर गेला नव्हता. तिने कोरडं फडकं घातलं, त्यावर ससा ठेवला, हात अलगद त्याच्यावर आणून ठेवला. हात कानांपासून खाली आला, पट्टी लागली तिथे थांबला, परत वर गेला. दुसऱ्यांदा तो पट्टीपर्यंत गेलाच नाही, आधीच वळला. सगुणा पलंगाच्या पायथ्याशी बसली. ती फक्त नाकाकडे बघत होती. दर थोड्या वेळाने चमच्याच्या टोकाने सशाच्या ओठाला पाणी लावायची. ते थोडं आत जायचं, बाकीचं बाहेर यायचं, आणि बाहेर आलेलं ती लगेच टिपून घ्यायची. दारातून जवळ्याचा वास येत होता. मनुबाई बाहेर काहीतरी झटकत होती, मांडत होती, पुन्हा झटकत होती. तिला आत यायचं नव्हतं.

चार वाजून गेल्यावर केव्हातरी नाक थांबलं. सगुणा वाट बघत राहिली. पूर्वीही ते थांबल्यासारखं होऊन पुन्हा हललं होतं. वरून हात फिरत होता, त्यामुळे केस हलत होते, त्यामुळे नीट कळत नव्हतं. मग एक माशी आली आणि सशाच्या उघड्या डोळ्यावर बसली, आणि डोळा मिटला नाही. तेव्हा तिला कळलं. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. उचलायचा म्हणजे त्या हाताखालून उचलायचा. मग तो चादरीवर पडेल. मग उद्या, परवा, पुढच्या महिन्यात तो चादरीवरच असेल. तिने कोनाड्यातला विणलेला पंखा घेतला आणि माशी हाकलली. ती फिरून आली. आणखी दोन आल्या. सगुणा पंखा हलवत बसली, हळूहळू, वारा घातल्यासारखी, जणू काही तिला या दोघांना उकडू द्यायचं नव्हतं.

मनुबाई आत आली. उंबऱ्यातूनच तिला समजलं; मेलेलं ओळखायला तिला जवळ जावं लागत नसे. तिने सुनेकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. मग जवळ येऊन सगुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "उठ," ती म्हणाली. "सकालपासून पोटात काय नाय तुझे. दोन घास खा. मी हाकते." सगुणाने मान हलवली आणि पंखा सोडला नाही. मनुबाई तिथेच भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकून.

उजेड कमी होत चालला. सगुणाच्या मनगटाला कळ लागली होती. या हातातून त्या हातात पंखा घेताना तिला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी साधी होती की एवढा वेळ सुचली कशी नाही याचं तिला भय वाटलं. लग्न नवं असताना दामाजी पहाटे होडीतून यायचा, मासळी अंधारात निवडायचा, दिवा लागायचा नाही. नुसता हात फिरवून सांगायचा, ही आत्ता गेली, ही घटकेपूर्वी, ही आधीच मेलेली जाळ्यात आली. एकदाही चुकायचा नाही. तोच हात हा. नाक थांबल्यावरही दोन तास तो सशावर होता, आणि ससा तर केव्हाच गार पडून ताठरला होता.

तिने वर बघितलं. दामाजी सशाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, कधीपासून कोण जाणे. त्याचे डोळे भरलेले होते आणि तो ते लपवू शकत नव्हता, कारण पुसायला जो हात होता तो कामात होता. तिच्या डोळ्यांत बघत त्याने तो कानांपासून खाली नेला, पट्टीच्या अलीकडे वळवला, परत वर आणला.

"अवो," सगुणा म्हणाली, "हात दुखंल तुमचा."

त्याने हात थांबवला नाही.